कोचचा पोरगा

थांब, त्या यादीवर सेंड दाबू नकोस — पाच वाजायला वीस मिनिटं आहेत ना अजून? मग. त्या तीन नंबरच्या पोराचा व्हिडिओ परत दाखव. अरे संकेत, दाखव म्हणतो ना, तुझ्या ऑफिसचं गुपित मी काय तुमच्या इथल्या ब्लँचर्डस्टाउनच्या बसस्टॉपवर ओरडत सुटणार आहे? हां. बघ — चेंडू अजून हवेत आहे, आणि पोरानं अंगावरच्या गड्याला डावीकडे हुलकावणी दिली, अन् उजवीकडून — गेला! बावीस वर्षं जिल्ह्याचा खो-खो संघ निवडला मी, पाय कळतात मला. नाव फुटबॉल आणि चेंडू झेलायचा हातांनी, ते त्या अमेरिकनांचं त्यांना लखलाभ — पण पाय ते पायच.

आता तुझा लाडका अकरा नंबर. पळतो, कबूल. पण सरळ पळतो रे! वळायच्या आधी दोन पावलं थबकतो — समोरच्याला जणू पत्र धाडतो, की मी आता वळणार. सोडलेले झेल किती? सात. तीन नंबरचे? दोन. तूच मोजलेस. मग तुझ्या यादीत हा वर आणि तो एवढा खाली कसा? नुसतं ‘ग्रँड आहे बाबा’ म्हणू नकोस, इथं तुमचं सगळंच ग्रँड असतं. आणि तीन नंबरच्या नावाखाली हे काय लिहिलंयस? ‘वडीलच कॉलेजच्या संघाचे कोच, म्हणून संधी जास्त मिळाली.’ आणि त्यासाठी गुण कापलेस?

हसतोस काय? पुढच्या आठवड्यात तिकडचे मोठे संघ पोरं उचलणार, एक संघ तुझी यादी समोर ठेवून बसणार, त्या पोराचं सगळं आयुष्य त्यावर — आणि तू? झेल काय त्याच्या बापानं घेतले? — चढतोय आवाज, चढू दे. तन्वी, सूनबाई, मला चहा नको गं! — लोक काय बोलतात ते माहितीये मला. कोचचा पोरगा म्हणून घेतला. मैदानाच्या कडेला उभं राहून, आपल्याला ऐकू जाईल असं बोलतात. मग माणूस घाबरतो. कागद हातात आला की आपल्याच पोराच्या नावापुढे आठाचे पाच करतो. आणि घरी येऊन त्यालाच सांगतो, तू कमी पडलास, मेहनत कर. ते वेडं पोर पुढं दोन वर्षं पहाटे उठून —

नाही, नाही. उदाहरण दिलं. होतं असं कुठंकुठं.

असा काय बघतोस? ... हो. तूच. दहावीच्या सुट्टीत, राज्य स्पर्धेचा संघ निवडला तेव्हा. तू सगळ्यांत चपळ होतास. माझ्यासोबत निवडीला बसलेले नरेंद्र सर तीनदा म्हणाले, पद्माकर, काय करतोयस हे? तू कमी पडला नव्हतास रे. कधीच नाही. मी भित्रा निघालो. तुझ्या आईलासुद्धा सांगायची हिंमत झाली नाही.

शिव्या घाल हव्या तर... काय टाइप करतोयस? तीन नंबर — वर घेतलास? वर घेतलास. बरं केलंस. पाठवलीस? चांगलं झालं, फार चांगलं झालं, त्या पोराचं तरी — आता इकडे बघ जरा. संकेत? अरे, जॅकेट कशाला घालतोयस, कुठं निघालास? मी आलो तर चालेल? ... बरं. नाही येत.