भरून आलेले गाल

— ऐकून राहिले मी आकांक्षाताई, तुमी बोला की. हात चालू हायेत म्हणून काय कान बंद असतात? ही हळकुंडं आज निवडून झाली न्हाईत तर उद्याची हिंगोलीची गाडी निघून जाणार अन आमचं पोतं इथंच राहणार. आत सरका अशा, दारात ऊन लागंल. पाणी? बरं, बाटली हाय तुमची. अन ही डबी काहून काढून ठेवली पुन्हा? मागच्या खेपेलाच म्हणलं की मी — धाकट्या मिनाची टीबीची औषधं झाली, मिना बरी झाली, आता या घरात कोणाचा बेडका तपासायचा राहिला न्हाई. हा खोकला? हा हळदीचा. धूळ नाकातोंडात जाती, या दिवसांत तांड्यातल्या समद्याच बाया खोकतात. तुमी सेनगावच्या दवाखान्यात बसणार, तुमाला हळदीचं काय ठाव.

न्हाई, तुमच्यावर राग न्हाई माझा. त्या दिवशी देवळापुढं चित्रं लावून तुमी सांगितलं ते सगळं ध्यानात हाय. बायांनी विचारलं, मंजुषा मेल्यावर बहिणीचं रक्त पिऊन राहिली, हे खरं का — माझ्या तोंडावर विचारलं, मी तिची आई तिथंच बसलेली — अन तुमी चिडला न्हाईत, एकेक समजावून दिलं. म्हणून दावू? माणूस मेलं की पोटात वायू धरतो. अंग फुगतं. आतलं काळं-लाल पाणी तो वायू वर ढकलतो, ते नाकातोंडातून येतं, अन बघणाराला वाटतं हे आताच रक्त पिऊन निजलं. नखं वाढत न्हाईत, कातडी आकसून मागं सरती म्हणून लांब दिसतात. बराबर? चुकलं का काही? मला शाळा न्हाई, पण एकदा ऐकलं की राहतं.

आमच्यात लगीन न झालेल्याला जाळत न्हाईत ताई, पुरतात. मंजुषाचं ठरलं होतं, लागलं नव्हतं, म्हणून पुरली — नाल्याच्या काठाला, मागच्या होळीच्या आधी. मंग आठ-दहा दिवसांतच नाला खोल करायला जेसीबी आलं अन काठ ढासळला. त्या डायव्हरचा काय दोष, त्याला कुठं ठाव होतं, तो बिचारा मशीन चालूच ठेवून पळाला. सगळा तांडा गोळा झाला. तिचा बाप प्रेमदास, त्यानं तोंड फिरवलं. मी उतरले. मी न्हाई तर कोण उतरणार? तुमी तिला जिवंतपणी बघितली न्हाई. शेवटी शेवटी वाटीभर पेज दिली तर अर्धी ठेवायची. लग्नाच्या म्हणून बांगड्या आणल्या, त्या कोपरापर्यंत सरकल्या, ती हसली अन काढून ठेवल्या. अन तिथं मातीत — गाल भरून आले होते तिचे. गोल. ल्हान होती तवा होते तसे. ओठाला लाल. वरून लोक ओरडून राहिले, लेकरं उचलून पळून राहिले, अन मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, जेवली. कोणाचं का असंना, माझी पोरगी पोटभर जेवली. — व्हय, वायू होता. आता ठाव हाय मला. वायूच होता.

त्याच दिवसांत मिना खोकायला लागली. मंग काय, तांड्याला पुरतंच ते. तांड्याचे नाईक धर्मसिंग घरी आले, म्हणले, बेबी, मंजुषाला नवरीवाणी हळद लावू, लगीन लागलं असं धरू अन जाळून टाकू, मंग हिंडायची न्हाई ती. वाईट मनानं न्हाई म्हणले, त्यांच्याबी घरात लेकरं हायेत. मी न्हाई म्हणलं. वरच्या अंगाला पुन्हा पुरली. तवापासून सगळे तिच्या भेवानं दारं लावून निजायला लागले, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या — अन तुमी येऊन सांगता, दार लावलं म्हणून तर एकाचा खोकला दुसऱ्याच्या छातीत जातो, दारं उघडा, हवा खेळू द्या. हसू यायला पाहिजे होतं न ताई? मला न्हाई आलं. मला हसूबी येत न्हाई आजकाल अन रडूबी येत न्हाई. हळद निवडते. भाकरी टाकते. मंजुषानंबी त्याच गोळ्या घेतल्या होत्या, मिनासारख्याच. सासरच्यांला कळंल म्हणून मधीच सोडून दिल्या पोरीनं.

काहून न्हाई जाळू दिली? असंच. — असंच म्हणलं न. बरं, तुमाला म्हणून सांगते. ती येती. दुपारी, मी या पोत्याला पाठ लावून आडवी झाले की. माझे डोळे उघडे असतात, दारातून अंगणातली हळद दिसती, कोंबड्या दिसतात, पण बोट हलवता येत न्हाई, अन छातीवर ती बसलेली. तुमी म्हणलात, मन जागं होतं अन अंग झोपलेलंच राहतं, त्याचा तो दाब. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याचं मन त्या दाबाला त्याच माणसाचं तोंड लावतं. पटलं मला. खरंच पटलं. पण जिवंतपणी तिला उचललं तर हाताला वजन लागत नव्हतं, अन आता जड लागती ताई, चांगली जड. याडी म्हणती. आमच्यात आईला याडी म्हणतात. मी म्हणते, घे. पी. दिवाळीपासून मी बारीक होऊन राहिले तर होऊ दे, तेवढीच तू भर —

दिवाळीपासून म्हणले का मी? म्हणले असंल. व्हय, दिवाळीला हळद निघत न्हाई, मंग खोकला हळदीचा कसा, बराबर हाय तुमचं. पदरावर? ते रक्त न्हाई. मी तंबाखूला चुना लावते, अन हळदीला चुना लागला की लाल होतं, कुंकू काय निराळं करतात? ... धुतलं. उन्हातबी टाकलं. हळदीचा डाग उन्हात उडतो. हा न्हाई उडाला.

असं नका बघू. काय होईल सांगू का? गोळ्या खाल्ल्या की खोकला जाईल, अंग भरंल, झोप नीट लागंल. अन झोप नीट लागली की छातीवर कोणी बसत न्हाई, हेबी तुमीच सांगितलं. मंग ती कुठं जाईल? तिला कोण घे म्हणंल? मी सगळं समजून घेतलं ताई, कुठं चूक न्हाई काढली तुमची, तुमचं सगळं खरं. माझी एवढी दुपार सोडा की मला. — काय? मिना? व्हय, होळीला येऊन राहिली, बरी झाल्यापासून पुसेगावला मावशीकडं हाय न, तिनंच सांगावा धाडला. आता इथंच राहणार. कुशीत निजती अजून, एवढी घोडी झाली तरी. तोंडाला तोंड लावून निजती माझ्या —

...

मंग मिनाला पिणारं कोण म्हणायचं? मंजुषा तर न्हाई. मंजुषाचा तर वायूच होता सगळा. मीच की मंग. मीच पिणार तिला.

आणा इकडं ती डबी. तुमी दाराकडं व्हा, इकडं नका तोंड करू. — — घ्या. झाकण घट्ट लावलं. लाल हाय, हळद न्हाई ती. तपासल्यावर सुरू होतील न गोळ्या? उद्या-परवा? द्या, खाईन. एक न्हाई सोडणार. पण आजची दुपार हाय अजून. आता जा तुमी, ताई. मला जराशी पाठ टेकू द्या. — दार? ओढू नका. उघडंच राहू द्या.