अळ्यांना विरजण

— चोर? दुपारी दोन वाजता शेणखत चोरायला कोण येतं काका? आधी कॉलर सोडा, शर्ट नवाय. पळत नाही मी — पळायचं असतं तर कधीच भिंतीवरून गेलो असतो, तुमच्या भिंतीवर काचा कुठून कुठपर्यंत आहेत ते मला पाठ आहे — म्हणजे, ते जाऊ दे. हे बघा, डब्यात काय आहे? अळी. पांढरी, अंगठ्याएवढी जाड, तपकिरी डोकं. तुमच्या खताच्या ढिगातून काढली. अजून पाहिजेत, डबाभर.

नाव? समाधान. हसा, सगळेच हसतात. मागच्या गल्लीत राहतो — हो, तोच, पाटीवाला. तुम्ही लिहिलेलं 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये', मी खाली फक्त 'मालक चावतात' एवढं जोडलं. अक्षर तरी चांगलं होतं ना? बरं, सॉरी. पण आज मी मस्करी करत नाहीये, आणि हाच प्रॉब्लेम आहे यार — यार तुम्हाला नाही म्हटलं, असंच म्हटलं — मस्करी केली की सगळ्यांना लगेच पटते, खरं बोललो की कोणालाच नाही.

माझी ताई आहे, आम्रपाली, कॉलेजात किड्यांवर पीएचडी करते. ह्या अळीचा पुढे गेंड्या भुंगा होतो — नाकावर शिंग, नारळाच्या शेंड्यात घुसतो, कोवळी पानं खातो, झाडाची वाट लावतो. तर ताई म्हणते, अळी एवढा कचरा, लाकूडफाटा खाते, पण तिला स्वतःला तो पचवताच येत नाही. मग पचवतं कोण? तिच्या पोटातले जिवाणू. आचारी ठेवल्यासारखे. ते आचारी काढून टाकले तर अळी भरल्या ताटावर उपाशी — मग झाडावर विष मारायला नको. भारी ना? मला मॅथ्समध्ये दोनदा उडवलंय, पण हे एका दमात कळलं.

म्हणून तिने अर्ध्या अळ्यांना अँटिबायोटिक दिलं, अर्ध्यांना नाही. कॉलेजात लाइटचं काम निघालं म्हणून डबे घरी आणले, आणि ती गेली नगरला लग्नाला — मला म्हणाली, नुसतं लक्ष ठेव, हात लावू नकोस. मी लक्षच ठेवलं, शप्पथ. पण लक्ष ठेवलं की दिसतं ना काका — औषधवाल्या अळ्या पार सुकायला लागल्या, एक तर आडवी पडून नुसती पाय हलवत होती. मला टायफॉइड झालेला तेव्हा गोळ्यांनी माझं पोट बिघडलेलं, तर ताईनेच दहीभात भरवलेला — गोळ्या चालू असल्या की दही खायचं म्हणून. मग मी काय केलं? आईने विरजणाला ठेवलेलं दही घेतलं आणि घातलं एकेका डब्यात चमचा-चमचा.

कामावर विरजण पडलं म्हणतात ना — मी खरोखरचं टाकलं. ताईने आल्यावर डबा उघडला, वास घेतला, आणि ओरडलीच नाही. फरशीवर बसली. आता त्यांच्या पोटात दह्यातले जिवाणू गेले, सगळा प्रयोग बाद, सोमवारपर्यंत नवीन अळ्या मिळाल्या नाहीत तर तिचं वर्ष गेलं — आणि मागच्या वेळेसारखं कोकणात जाऊन खणायला वेळ कुठाय? वर तिला वाटतंय मी गंमत केली. म्हटलं, दया आली गं. तर म्हणाली, 'तुला? दया?' बास. तेव्हापासून ताटात वाढते, पण बोलत नाही. ओरडली असती तर परवडलं असतं.

बेल? दोन वाजता बेल कशी वाजवू? तुमची पाटी वाचूनच भिंतीवरून आलो ना.

काय? इथेच का? अहो, तुमचा नारळ बघा की. ते वरचं नवीन पान — कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखं दिसतंय ना, ते वाऱ्याने नाही होत, तो भुंगाच. हो, इतक्या वर्षांत नव्हता लागला, मान्य. काकूंनी लावलेला? हे... हे नव्हतं माहीत मला. नाही, भुंगे काय, उडत येतात कुठूनही, बिबवेवाडीत नारळ काय कमी आहेत — पण मला खात्री होती इथेच मिळतील, कारण पावसाळ्यात सोडले तेव्हा दोघं सरळ ढिगातच शिर—

म्हणजे, ताईकडे एक जोडी जास्तीची होती. आणि तुम्ही पाटीवरची माझी ओळ पुसलीत, म्हणून मी... दोनच होते काका. मला काय माहीत ते संसार थाटतील.

असं वर बघत बसू नका ना. ओरडा तरी. तुम्ही पण नका गप्प बसू.

काका? कुठे चाललात? गेटला कुलूप कशाला? झोपायचं नाही का आज?

फावडं? मला? सगळ्या — म्हणजे एकूण एक?

बरं. खुर्ची सावलीत घ्या.