निघाली मी

पंचफुला : ...मंग त्या पोट्ट्या म्हणे, काकू, हे नागपूरच्या तीन पोरींचं गाणं आहे, 'निघाली मी', मोबाइलवर लय चालून राहिलं. आवाज आला अन् मी म्हटलं, थांबा वं, हे तं आमची मयुरा!

मयुरा : तुम्ही कुठी ऐकलं पण?

पंचफुला : इथंच, भिवापुरात. मिरच्याचे देठ तोडून राहिलो होतो. सारं आंगण लालभडक, ऊन कलतीले आलेलं, अन् त्यात तुहा आवाज. मले वाटलं, बसल्या बसल्या डोळा लागला का काय.

मयुरा : आई... म्हणजे, काकू—

पंचफुला : आईच म्हण. फारकत विक्रमसंगं झाली तुही, माह्यासंगं नाही.

मयुरा : राग नाही आला? गाणं कोणावर आहे ते गावात साऱ्यांले समजलं असन.

पंचफुला : विक्रमचं त्यात आहेच काय? त्याचं नाव नाही, गाव नाही. तू निघाली, एवढंच. आयकता आयकता मीबी निघाली तुह्यासंगं. पाय जमिनीले लागतच नव्हते. पण एक विचारू का?

मयुरा : विचारा ना.

पंचफुला : ते 'मागं पाहिलं तर दारात कोणी नव्हतं'. ते कोनं लिहिलं?

मयुरा : मीच. चाल काजल अन् वैभवी लावतात, शब्द माझे. तसंच झालं होतं ना. ऑटो सुरू झाला, मी वळून पाहिलं. दार उघडं, अन् अंदर अंधार.

पंचफुला : मी गच्चीवर होती.

मयुरा : गच्चीवर?

पंचफुला : तिथून पार वळणापर्यंत रस्ता दिसते. धुकं होतं. तुही पिवळी ओढणी ऑटोच्या बाहेर उडून राहिली होती, पाखरू उडते तशी. मंग ऑटो दिसेनासा झाला, नुसती ओढणीच दिसे. तीबी धुक्यात गेली. तरी मी उभीच.

मयुरा : मले वाटलं, तुम्हालेबी मी नकोशी झाली. सारं गाणं त्याच ओळीवर उभं आहे, आई.

(फोनवर, मयुराच्या बाजूने, तिच्या नावाचा पुकारा ऐकू येतो.)

पंचफुला : बोलावून राहिले का तुले?

मयुरा : हो. फुटाळा तलावावर आहो आम्ही. आज पहिल्यांदाच लोकांसमोर म्हणून राहिलो. थांबा, ती ओळ बदलते मी. आत्ताच सांगते दोघींले.

पंचफुला : नको वं. राहू दे. दारात नव्हतीच ना मी.

मयुरा : पण मग हाक काहून नाही मारली?

पंचफुला : तू थांबली असती, बाई.