ताईसाठी साखळी उपवास

"हॅलो? … कोण? … सूनबाई, तू होय! थांब, मशीन बंद करते."

मावशीनं पायडलवरचा पाय काढला, शाळेच्या गणवेशाची कॉलर सुईखालीच राहू दिली आणि फोन खांद्यात धरला. दुपारी शिलाईच्या दुकानात फोन वाजलेला तिला मुळीच खपत नसे. पण हा दवाखान्यातून होता, तिच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या सुनेचा.

"बोल. ताई कशी आहे? … खाल्लं का काही तिनं? … अगं, रडतेस कशाला? आधी सांग, मग रड. … काय? … कुणी खाल्लं? … तू?"

झालं! मावशीचा पारा चढला. ताईचं ऑपरेशन झाल्यापासून चर्चमधल्या माणसांनी साखळी उपवास धरला होता. रोज एकानं सकाळपासून संध्याकाळपर्यंत उपाशी राहायचं, ताईसाठी प्रार्थना करायची आणि दुसऱ्या दिवशी उपवास पुढच्याकडे सोपवायचा. ही साखळी मावशी चालवायची, आणि अशी चालवायची की मंडळी तिला पाठीमागे हवालदार म्हणत. आज पाळी सुनेची होती.

"अगं, संध्याकाळ तरी होऊ द्यायची! … हो, हो… अगं, ऐक ना माझं! एक दिवस धीर धरवला नाही तुला? पाळक दर रविवारी आत्मसंयम, आत्मसंयम म्हणून घसा कोरडा करतात, आणि तू तिकडे… काय खाल्लंस ते तरी कळू दे. … सूप? दवाखान्यातलं? … त्या पांचट पाण्यासाठी उपवास मोडलास? मोडायचाच होता तर निदान काही चांगलंचुंगलं तरी खायचंस!"

पलीकडून सून काहीतरी पुटपुटली.

"मी नाही ओरडत. … भुकेनं कशाला ओरडेन? आज माझी पाळी थोडीच आहे! … जेवले ना. … काय जेवले म्हणजे? जेवण जेवले! तू विषय बदलू नकोस."

खरं सांगायचं तर मावशीनं सकाळपासून चहाचा घोटही घेतला नव्हता. तिचा कुणावर भरवसाच नव्हता. पाळकीणबाईंना पित्ताचा त्रास, सून लेचीपेची, बाकीचे एकेक तसलेच. म्हणून पाळी कुणाचीही असो, ही आपली गुपचूप उपाशी. साखळी तुटली आणि ताईला काही झालं तर, असं मनात आलं की घास तिच्या घशाखाली उतरतच नसे.

"परत सांग. डॉक्टर काय म्हणाले? … नाही खाल्लं तर नाकातून नळी? … आज संध्याकाळी? … अगं, मग हे आधी सांगायचं सोडून सूप कसलं सांगत बसलीस! … बरं… तोंडच उघडत नव्हती ती… मग? … 'तू उपाशी, मग मी कशी खाऊ?' … असं म्हणाली? … आणि मग तू तिच्यासमोर…"

मावशीनं खांद्यातला फोन हातात घेतला.

"एक चमचा तू, एक चमचा ती. … अगंबाई. …"

हाताला लागली त्या बाहीनं तिनं डोळे पुसले. ती बाही कुणाच्या तरी पोराच्या नव्या गणवेशाची होती, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

"नाही गं बाळा, काही मोडलं नाही. … मी सांगते ना! ज्या पोटासाठी आपण सगळे उपाशी राहतोय, त्या पोटात तू चार घास घातलेस. देवाला दिसत नाही होय? … मीच चुकले. उगाच तोंड सोडलं तुझ्यावर. पोट राहतं गं उपाशी, या जिभेचं काय करू? … हसू नकोस. … बरं, हस बाई, हस. … वाटीत राहिलंय किती? … अर्धी? मग ताई का थांबली? … माझं काय विचारतेय? … सांग तिला, मावशी जेवली म्हणून. … अगं, सांग ना, पोटभर जेवली! … नको, तिला देऊ नकोस फोन, ताण पडेल… अगं, नको… हॅलो? …

"ताई?"

ऑपरेशननंतर तो आवाज मावशी पहिल्यांदाच ऐकत होती. किती बारीक झाला होता!

"हो, मीच. … फार बोलू नकोस. … जेवले मी. … खरंच जेवले गं. … ताई, असं नको ना विचारूस. … नाही जेवले. … आजच नाही, रोजच. … कुणाला माहीत नाही. … भीती वाटते म्हणून! आईच्या मागं मला तूच आहेस. मी जरा ढिली पडले की तू जाशील, असं वाटतं. … हो… हो… तुला धरलंय ते देवानं, मी नाही. कळतं मला. तरी भीती जात नाही, काय करू? … काय? … आत्ता? … दुकानात काय मिळणार आत्ता? … मी नाही खाल्लं तर तू पण नाही? नळीची धमकी देतेस मला? … थांब, थांब!"

काज-बटण करणारी बाई मघापासून सगळं ऐकत होती. तिनं काही न विचारता आपला डबा उघडून मशीनच्या फळीवर ठेवला.

"पाव आहे. आणि उकडलेलं अंडं. … तू घे आधी. … बरं बाई, मी आधी. लहानपणापासूनची हट्टी! … खाते. … ऐकू येतंय का? … मोठा घास घेतलाय, बोलता येत नाहीये. … आता तू. … घेतलास? … गिळलास? … अजून एक. … उद्या? उद्या पाळकीणबाईंची पाळी आहे. … नाही, मी नाही राहणार. त्या करतील नीट. … माझी पाळी येईल तेव्हाच. … कबूल म्हटलं ना! … खा तू. मी पण खातेय. … ताई? … ताई, ऐकतेस ना? … हॅलो? … सूनबाई, काय झालं? बोलत का नाही ती? … झोपली? … आणि वाटी? … नीट बघ, तळाशी? … काहीच उरलं नाही? … बरं. … बरं. झोपू दे तिला. ठेवते हं. … तू पण हळूच ठेव, वाजवू नकोस."