दोन माणसांचं यंत्र

१९८३ सालच्या मार्चात, नाशिकच्या जंगल कामगार सोसायटीच्या ऑफिसात, पुंजा आणि मंगळू बाकावर बसले होते. पंधरा वर्षं दोघांनी एकाच हातकरवतीची दोन टोकं ओढली होती. आता साहेब इंजिनाची करवत घेणार होते, आणि दोन नमुने चालवून पाहिलेल्या या दोघांचं मत विचारणार होते. शेजारी कसल्याशा परवानगीसाठी थांबलेल्या सुशीलाबाई नावाच्या बाईंनी पुस्तक उघडलं होतं, पण कान या दोघांकडे असल्यानं पान उलटत नव्हतं.

“धाकट्या मशिनीनं साग किती वेळात पाडला रं, मंगळू?”

“अर्ध्या बिडीत.”

“अन् थोरलीनं?”

“दोन बिड्या. मधी बंद पडली, तवा तिसरी पेटवली.”

“मंग थोरलीच घ्या म्हणून सांगू.”

“येडा झाला का? लय धूर सोडती ती! त्या वासानं बायको मला घरात घेईना.”

“आधी कुठं घेत व्हती? आरं, धाकटी एकटा माणूस चालवतो. थोरलीला पुढचं टोक धराया दुसरा लागतो.”

मंगळूनं कानावरची बिडी काढली आणि परत ठेवली.

“सायबानं धाकटीची खोट विचारली तर?”

“म्हणायचं, लय घाई करती. झाडाला पडायचं कळायच्या आधीच पडतं.”

“ही खोट व्हय?”

“मंग तू शोध की दुसरी!”

शिपाई दारात आला. “करवतवाले! एकानंच आत या.”

दोघंही उठले.

“एक म्हटलं ना!”

“मंग सायबालाच भायेर बोलवा.”