काकूंचे सांडगे आणि चारुदत्तचं उदमांजर

...नाही हो, ह्यात आपला काही हात नाही! आळीत कुणाची चप्पल हरवली तरी पहिलं बोट माझ्याकडे. का? तर म्हातारा मस्कऱ्या! अहो, पण ह्या वेळी खरंच नाही... ऐका तरी!

तुम्हाला सांगतो, हा चारुदत्त म्हणजे आमच्या शोभाकाकूंचा भाडेकरू. मोठा शास्त्रज्ञ. करतो काय? तर उदमांजर काय खातं ते शोधतो! आता मांजराला विचारून ते सांगणार आहे का? म्हणून हा नेऱ्याच्या डोंगरात फिरून त्याची लेंडकं गोळा करतो, गच्चीवर कडक वाळवतो, मग पाण्यात भिजवून चाळणीत धुतो आणि आतल्या बिया वेचतो. हसू नका! त्यावरून म्हणे कुठलं झाड कुठे उगवणार ते कळतं, आणि लाखो वर्षांत मांजराचे दात का बदलले तेही. मी म्हटलं, "बाबा रे, माझे दात दिवाळीतच बदलले, माझ्यावर लिही की!"

तर वैशाखातली गोष्ट. गच्चीवर इकडे काकूंचे कोहळ्याचे सांडगे, तिकडे ह्याचं वाळवण. न्हावा शेव्याचं बंदर नुकतं सुरू झालेलं, ट्रकांची धूळ अशी उडायची की दोन्ही वाळवणं सख्खी भावंडं दिसायला लागली! आणि दुपारी कुणीतरी बोंबललं, "आभाळ आलंऽऽ!" मग काय, आमच्याकडची रीतच तशी, हाताला लागेल ते उचलायचं, कुणाचं काय ते खाली बघायचं. शेजारच्या कमलाकरने दोन्ही चादरींची गाठोडी बांधली, एक काकूंच्या दारात टाकलं, एक चारुदत्तच्या. पाऊस? थेंब नाही! काकूंनी चष्मा न लावता डबा भरला. चारुदत्त आला तेव्हा लाइट गेलेली, नाक सर्दीने चोंदलेलं, त्याने चाचपडत पुड्या भरल्या. आणि मी? मी घोरत होतो! ह्यात आपला काही हात नाही!

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून त्याचे केळशीकर सर आले. काम पसंत पडलं तर संशोधन पुढे चालू, नाहीतर गाशा गुंडाळायचा आणि कऱ्हाडला बापाच्या दुकानात खोबरेल विकायचं. पोराने पुडी फोडली, पाण्यात सोडली, चाळणी धरली... बी नाहीच! पांढरं पांढरं पीठ. सरांनी नाक पुढे केलं. "चारुदत्त, हिंगाचा वास येतोय का रे?"

तुम्हाला सांगतो, पोराच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरी पुडी, हिंग. तिसरी, हिंग आणि वर मिरचीचं बी! सर भिंगातून बघताहेत, "विलक्षण! हे जनावर माणसाचं अन्न खायला लागलं की काय!" खूश झाले हो सर! आता गप्प बसलं की झालं, संशोधन पक्कं...

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज, "सर, जेवूनच जायचं हं! सांडगे तळतेय!"

आणि चारुदत्तला उमगलं. पुडीत सांडगे, तर मग डब्यात...? तेल तापल्याचा वास. डब्याचं झाकण खडखडलं. बोललं तर संशोधन गेलं, न बोललं तर सरांच्या ताटात... हा इकडे घामाघूम, तिकडे काकू गुणगुणतायत! मी दारात उभा राहून बघतोय. एक क्षण... दोन... आणि पोरगं ओरडत सुटलं, "काकू, गॅस बंद करा! सर, ह्या पुड्या खोट्या आहेत! माझा घोटाळा झालाय!"

काकूंचा झारा हवेतच. सगळ्यांची नजर माझ्याकडे. "अहो, ह्यात माझा..." ऐकतंय कोण!

सर उठले. आत गेले, डबा उचलला, एक लेंडूक मोडून भिंगाखाली धरलं. "करवंद," म्हणाले, "आणि हे जांभूळ. शाबूत आहे रे सगळं! असा कोरडा ठणठणीत नमुना आमच्या प्रयोगशाळेत नाही टिकत." मग चारुदत्तकडे बघून, "आणि तुझंही काम चालू राहील. खरं सांगितलंस म्हणून. आणि मला वाचवलंस म्हणून!"

"सुटलो!" म्हणालो मी. तर काकू मटकन खाली बसल्या. "अगं बाई... निम्मा डबा मी मितालीला पाठवला ठाण्याला!" लेक ती त्यांची. समोरच्या बूथवरून फोन लावला, तर ती आनंदाने किंचाळतेय, "आई, ह्यांनी एकट्यांनी संपवले! अजून पाठव ना!"

आता परवा लेक-जावई येतायत. खरं सांगायला हवं, पण सांगणार कोण? काकू रडतात, चारुदत्त डोंगरात पळालाय. शेवटी आळीने ठरवलं, मीच सांगायचं. का? तर म्हणे, "तुम्ही सांगितलंत म्हणजे जावईबापू हसतील आणि दुसरी वाटी मागतील!"