बाबा साइड देत नाही

म्हाताऱ्यांच्या हाती स्टिअरिंग देऊच नका रे. चिखल्याच्या खाणीतून रिटायर झाल्यावर आमच्या बाबानं जुनी कार घेतली. परवा मले बाजूले बसवून तुमसर रोडवर मधोमध, बैलगाडीसारखी हाकत होता. मागं हॉर्नचा नुसता गोंधळ.

"बाबा, साइड दे ना! लाज वाटून राहिली मले."

"नाही देत. जिंदगीभर सायकलनं ड्युटीले गेलो. हर ट्रकवाल्यानं मले रोडखालच्या गिट्टीत उतरवलं. आता नाही उतरत."

तेवढ्यात पुढं एक सायकलवाला दिसला. समोरून ट्रकांची लाइन येत होती. बाबानं ब्रेक मारला.

"हॉर्न मार, उतरते तो खाली," मी म्हटलं.

"काहून उतरवू त्याले?"

सायकलच्या मागं आमची वरात रांगत राहिली. मागचा ड्रायव्हर आईबहिणीवर आला. मी खिडकीतून डोकं काढून खेकसलो, "थांब ना बे! पुढं सायकल आहे!"